न लावलेली शर्यत

लंडनच्या रस्त्यांवर सकाळी आठ-साडेआठला सायकलवरून कामावर निघालेल्या माणसांकडे जरा लक्ष देऊन पाहिलं, तर एक मजेशीर प्रकार ध्यानात येतो. सिग्नल सुटतो, एकजण निघतो, मागचा त्याला गाठतो आणि उजवीकडून पुढे जातो. जाताना तो वळून बघत नाही. तोंड मिटलेलं, खांदे स्थिर, धाप लागली असली तरी ती गिळलेली. हा आपला रोजचाच वेग आहे असा सगळा आविर्भाव. ज्याला मागे टाकलं तोही काही बोलत नाही, पण पुढच्या चढापर्यंत त्याचे पाय जरा नेटाने फिरायला लागतात. पुढच्या लाल दिव्याला दोघं शेजारी येऊन थांबतात. एकजण घड्याळ बघतो, दुसरा समोरच्या बसवरची जाहिरात वाचतो. शर्यत झाली, निकाल लागला, आणि ती लावली होती हे दोघांतलं कुणीही कबूल करणार नाही. या चुरशीचे नियम बहुतेकांना पाठ असतात. लाल दिवा तोडून मिळवलेली आघाडी धरायची नाही. पुढे गेलात तर वेग टिकवायचा, पुढे जाऊन रेंगाळायचं नाही. दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून फुकटचा आडोसा घ्यायचा नाही. आणि जिंकलो हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. ‘इंग्रज माणूस अबोलच’ असं म्हणून हा विषय मिटवता येतो, पण ते स्पष्टीकरण मला आळशीपणाचं वाटतं. ही रीत स्वभावातून आलेली नाही. इंग्लंडच्या सायकलस्वारांना ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस-पंचवीस वर्षांत लागली आणि तिच्या मुळाशी रस्त्यावरून हाकलले जाण्याची भीती होती. शर्यतीची हौस सुटत नव्हती आणि रस्ताही सोडायचा नव्हता, म्हणून त्यांनी पाहणाऱ्याला शर्यत वाटणार नाही अशी शर्यत घडवली. रोज कामावर जाणाऱ्यांची ही मुकी चुरस तिचीच वारस आहे.

उंच चाकाच्या सायकली १८७०च्या दशकात इंग्लंडच्या रस्त्यांवर दिसू लागल्या तेव्हा रस्ता घोड्यांचा होता. सायकल चालवणारे बहुधा तरुण, खिशात चार पैसे असलेले आणि इतरांच्या लेखी उपटसुंभ. घोडा बुजला की दोष सायकलवाल्याच्या माथी. १८७६ मध्ये सेंट ऑल्बन्सच्या प्रवासी घोडागाडीच्या गाडीवानाने एका सायकलस्वाराला चाबकाने फोडलं आणि गाडीवरच्या रक्षकाने दोराला बांधलेला लोखंडी गोळा त्याच्या चाकांत टाकून त्याला खाली ओढलं, ही हकिगत त्या काळी गाजली. गाडीवानांचा राग किती होता हे गोळा आधीपासून तयार ठेवलेला होता यावरून कळतं. कायद्याला तर सायकल ही काय चीज आहे हेच ठाऊक नव्हतं. १८७९ मध्ये ‘टेलर विरुद्ध गुडविन’ खटल्यात न्यायालयाने निकाल दिला की बेफाम हाकण्याच्या गुन्ह्यापुरती सायकल ही गाडीच समजायची. पुढे १८८८च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने तिला सरसकट गाडीचा दर्जा दिला. त्यामुळे रस्त्यावरचा हक्क पक्का झाला, पण त्याबरोबर अटीही आल्या: अंधारात दिवा हवा, आणि गाडीला, घोड्याला किंवा पायी चालणाऱ्याला ओलांडून पुढे जाताना घंटी वाजवून किंवा अन्य प्रकारे ऐकू जाईल असा इशारा द्यायला हवा. इशाऱ्याची ही अट १९३० पर्यंत कायद्यात होती. म्हणजे आज सभ्यपणाची खूण समजलं जाणारं गुपचूप पुढे सरकणं हे बेचाळीस वर्षं चक्क बेकायदा होतं.

या काळातल्या सायकल क्लबांनी हक्क सांभाळण्यासाठी उचलली ती लष्करी शिस्त. १८७८ मध्ये सायकल-पर्यटकांचा मोठा क्लब निघाला आणि त्याच वर्षी पुढे ‘नॅशनल सायक्लिस्ट्स युनियन’ या नावाने ओळखली गेलेली संघटनाही निघाली. क्लबाला गणवेश असे, कॅप्टन आणि उपकॅप्टन असे, बिगूल वाजवणारा असे. सहलीत कॅप्टन सर्वांत पुढे आणि त्याच्या पुढे कुणी जायचं नाही. यात चुरशीला जागाच नव्हती. सगळी रीत ‘आम्ही सभ्य लोक आहोत’ हे बघ्यांना आणि मॅजिस्ट्रेटला पटवण्यासाठी होती. ती टिकण्यासारखी नव्हतीच. १८८५ मध्ये जे. के. स्टार्ली यांची ‘रोव्हर’ आली, दोन्ही चाकं जवळजवळ सारखी, मागच्या चाकाला चेन. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेचा टायर आणला. सायकल चालवणं सोपं झालं आणि वेग मात्र वाढला. १८९०च्या दशकात किमती उतरत गेल्या तसे कारकून, दुकानातले नोकर, कारागीर सायकलवर बसले, आणि कॅप्टनच्या मागे बिगुलाच्या तालावर चालण्यात त्यांना काडीचा रस नव्हता. हँडल खाली वळवायचं, त्यावर ओणवं व्हायचं आणि समोर जो दिसेल त्याला गाठायचं! वर्तमानपत्रांनी अशांना ‘स्कॉर्चर’ म्हणून झोडपायला सुरुवात केली. हा प्रकार इंग्लंडपुरता नव्हता. न्यूयॉर्कमध्ये थिओडोर रूझवेल्ट पोलीस आयुक्त असताना बेफाम सायकलस्वारांना पकडण्यासाठी सायकलवरच्याच पोलिसांची तुकडी उभी केली गेली. पोलिसांनी सायकलवाल्याला पकडायचं तर त्याच्याशी शर्यत लावल्यावाचून गत्यंतर नव्हतं, ही त्यातली गंमत.

निर्णायक प्रसंग घडला जुलै १८९४ मध्ये. लंडनच्या नॉर्थ रोड क्लबाची पन्नास मैलांची शर्यत ग्रेट नॉर्थ रोडवर चालू असताना स्वारांच्या घोळक्याची आणि एका घोडागाडीची गाठ पडली, घोडा बिथरला, माणसं पडली. त्या स्वारांत फ्रेडरिक थॉमस बिडलेक होते. तक्रार झाली आणि त्या भागातल्या पोलिसांनी रस्त्यावरच्या शर्यती बंद पाडल्या. युनियन आधीपासूनच अशा शर्यतींवर नाराज होती. उद्या संसदेने सायकलींवरच निर्बंध आणले तर काय, ही तिची धास्ती होती. तिने सभासदांना रस्त्यावर एकत्र शर्यती लावण्यास मनाई केली आणि ज्यांना वेगाची हौस आहे त्यांनी बंदिस्त धावपट्टीवर जावं असं सांगितलं. बिडलेक यांनी दुसरा रस्ता काढला. ऑक्टोबर १८९५ मध्ये त्याच क्लबासाठी त्यांनी भरवलेल्या स्पर्धेत स्वार एकत्र सुटले नाहीत. ठरावीक अंतराने एकेकाला सोडलं गेलं, प्रत्येकाचा वेळ वेगळा नोंदला गेला आणि सगळे परतल्यावर वेळांच्या तुलनेतून विजेता ठरला. अमुक रस्त्यावर शर्यत चालू आहे असं पोलिसाने म्हणावं, तर त्याच्यासमोरून जाणार काय, तर एकटा माणूस, जरा घाईत असलेला.

पुढच्या काही दशकांत या युक्तीला ज्या बारकाईने संस्थेचं रूप आलं ते पाहण्यासारखं आहे. स्वारांनी मानेपासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालायचे. काळा अल्पाकाचा कोट आणि काळी घट्ट विजार, नंबर अंगावर मिरवायचा नाही. स्पर्धा रविवारी पहाटे, रस्ते ओस असताना. आगाऊ जाहिरात नाही. स्वारांना मिळणाऱ्या पत्रकावर ‘खासगी आणि गोपनीय’ असा शेरा. मार्गाचं नाव उघड सांगायचं नाही, त्याऐवजी एक अक्षर आणि एक आकडा असा संकेत. भीती कधीच गेली, तरी मार्गांना संकेताने ओळखण्याची पद्धत ब्रिटनमध्ये अजून चालू आहे. या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो एक नियम: मागून येऊन कुणी तुम्हाला ओलांडलं, तर त्याच्या मागे चिकटायचं नाही, त्याला जाऊ द्यायचं आणि मधे अंतर पडेल इतकं मागे राहायचं. जोडीने चाललेले आढळले तर दोघं बाद. याला कारण होतं. सपाटीवर जरा वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते, आणि पुढच्याच्या चाकाला वीतभर अंतरावर चिकटलं तर त्या ताकदीतली पाव ते एकतृतीयांश वाचते. म्हणजे मागचा माणूस पुढच्याच्या कष्टावर चालतो. बिडलेक यांच्या पद्धतीत ही सरळसरळ लबाडी ठरली. मागे टाकलं जाणं हा क्षण इतका नाजूक आहे, त्या वेळी माणसाच्या अंगात काय संचारेल याचा नेम नाही, हे ओळखून त्यांनी नेमका त्या क्षणाला नियम लावला. ओलांडणाऱ्याने मोठं अंतर राखून बाजूने जायचं, ओलांडलं गेलेल्याने मुकाट्याने मागे राहायचं, आणि दोघांनीही रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला काही घडलं असं वाटू द्यायचं नाही. पहिल्या परिच्छेदातल्या नियमांशी हे ताडून पाहिलं तर साम्य योगायोगाचं म्हणता येणार नाही.

पण इथे कुणीही जाणकार हरकत घेईल. रविवारी पहाटे काळे कपडे घालून धावणारे मूठभर हौशी कुठे, आणि सोमवारी सकाळी डबा घेऊन कारखान्यात जाणारे लाखो कामगार कुठे? त्या कामगारांना असल्या रीतीभातींशी काय देणंघेणं? हरकत रास्त आहे, आणि ती लाखोंच्या बाबतीत खरीही आहे. १९४९ मध्ये ब्रिटनच्या सायकलींनी मिळून सुमारे २४ अब्ज किलोमीटर अंतर कापलं. त्यातला फार मोठा भाग कामावर जाण्या-येण्याचा होता, आणि नॉटिंगहॅम किंवा ऑक्सफर्डजवळच्या काउली इथल्या कारखान्यांच्या फाटकातून पाळी सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या गर्दीत पुढे जायला जागाच नसे, मग चुरस कसली. पण हे हौशी वेगळ्या वर्गातले होते हे मात्र खरं नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले क्लबांचे सभासद मुख्यतः कारकून, फिटर, बेकरीतले, छापखान्यातले लोक होते. मोटार त्यांच्याकडे नव्हती आणि बहुतेकांकडे दुसरी सायकलही नव्हती. आठवडाभर जिच्यावरून कामावर जायचं तिचेच मडगार्ड आणि दिवा शनिवारी रात्री काढायचे. शर्यतीची हलकी चाकं पुढच्या आसाला जोडलेल्या दोन छोट्या पट्ट्यांवर, हँडलच्या दोन्ही बाजूंना उभी बांधायची, आणि त्या चार चाकांच्या अवताराने तीस-चाळीस मैल पायडल मारत स्पर्धेच्या जागी पोचायचं. तिथे चाकं बदलायची, धावायचं, परत बदलायची आणि घरी यायचं. सोमवारी त्याच सायकलवरून तोच माणूस कामावर. रविवारची सवय सोमवारी रस्त्यावर उतरायला आणखी काय लागतं? गर्दीतल्या शंभरांत असे दोघं-चौघं असले तरी पुरे. चुरस लावणारे तेच असत, आणि कशी लावायची हे बाकीचे त्यांच्याकडे बघून शिकत.

या कामगार हौशींची एक शाखा वेगळी नोंदवायला हवी. १८९४ मध्ये बर्मिंगहॅममध्ये काही समाजवादी तरुणांनी ‘क्लॅरियन’ सायकल क्लब काढला, रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांच्या त्याच नावाच्या साप्ताहिकावरून. सायकलवरून गावोगाव जायचं, पत्रकं वाटायची, सभा घ्यायच्या, आणि मोकळी हवाही खायची. रस्त्यात समोरून क्लॅरियनचा दुसरा सभासद आला की एकाने ओरडायचं ‘बूट्स!’, दुसऱ्याने उत्तर द्यायचं ‘स्पर्स!’. म्हणजे अनोळखी सायकलस्वाराला हाक घालण्याची, उघड सलगीची रीतही इंग्लंडमध्ये होती. ती देशभर पसरली नाही, आणि मुकी रीत पसरली. यावरूनच मला वाटतं की स्वभावाचा मुद्दा टिकत नाही. इंग्रज सायकलस्वाराला ओरडता येत होतं. न ओरडण्यात त्याचं हित होतं.

हे हित किती जिव्हाळ्याचं होतं हे १९३४ मध्ये दिसलं. वाहतूक मंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी त्या वर्षी डिसेंबरात लंडनच्या वेस्टर्न अव्हेन्यूलगत सायकलींसाठी वेगळी पट्टी सुरू केली. आज अशी पट्टी मिळावी म्हणून मोर्चे निघतात. त्या वेळी पर्यटक सायकलस्वारांच्या क्लबाने तिला कडाडून विरोध केला. दरवर्षी हजारावर सायकलस्वार रस्त्यावर मरत असतानाही त्यांना वाटत होतं की आज बाजूला पट्टी दिली, उद्या मुख्य रस्त्यावर बंदी येईल. पन्नास वर्षांपूर्वी मिळवलेला गाडीचा दर्जा त्यांना सोडायचा नव्हता. मागे वळून बघता हा हट्ट महागात पडला असं मला वाटतं. हॉलंड आणि डेन्मार्कमध्ये ज्या पट्ट्यांमुळे सायकल टिकली त्या इंग्लंडने आपल्या हाताने लांबणीवर टाकल्या. पण भीती खोटी नव्हती, आणि ती अजून ओसरलेली नव्हती. ७ जून १९४२ रोजी पर्सी स्टॅलार्ड यांनी वेल्समधल्या लँगोलनपासून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत एकोणसाठ मैलांची उघड, एकत्र सुटणारी शर्यत भरवली. युद्धामुळे रस्ते रिकामे होते, पोलिसांनी सहकार्य केलं, बघे जमले, अपघात झाला नाही. तरी युनियनने भाग घेणाऱ्यांना निलंबित केलं. त्यातून त्याच वर्षी बंडखोरांची वेगळी लीग निघाली आणि दोन्ही संघटनांचं भांडण १९५९ मध्ये विलीनीकरण होईपर्यंत चाललं. भांडण इतकं कडवट होतं की एका क्लबातले लोक दुसऱ्या गटाच्या माणसाला रस्त्यात ओळख देत नसत. सायकलस्वारांच्या मैत्रीपूर्ण चुरशीचा इतिहास लिहिताना हेही सांगायला हवं, नाहीतर तो फारच गोड होईल. पुढे उघड शर्यतींना परवानगीची चौकट मिळाली, पण विनापरवाना शर्यत आजही गुन्हाच आहे: १९८८च्या रस्ते वाहतूक कायद्याप्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर परवानगीविना सायकलींची शर्यत लावणं किंवा तीत भाग घेणं शिक्षेस पात्र आहे. सिग्नलवर घड्याळाकडे बघणारा तो सायकलस्वार कायद्याच्या भाषेतही ‘मी कुठे शर्यत लावली?’ असंच म्हणेल.

दुसरी हरकत अधिक मोठी आहे. माणसाला माणूस ओलांडून गेला की पाय शिवशिवतात, हे जगात सगळीकडे होतं. त्याला बिडलेक कशाला हवेत? बरोबर, ऊर्मी सगळीकडची आहे. प्रश्न तिला मिळालेल्या रूपाचा आहे, आणि रूपं वेगळी आहेत. फ्रान्समध्ये रस्त्यावरची शर्यत कधी लपवावी लागली नाही. पॅरिस–रुआँ शर्यत १८६९ मध्येच झाली. १८९१ च्या बोर्दो–पॅरिस शर्यतीत पहिले चारही स्वार इंग्रज होते, घरी ज्या हौसेकडे संशयाने बघितलं जाई तिचं तिथे गावोगावी स्वागत झालं. १९०३ पासून ‘तूर द फ्रान्स’. तिथल्या शर्यतीत वाऱ्याचा आडोसा घेणं ही लबाडी समजली जात नाही, तो डावपेच आहे, आणि पाळीपाळीने पुढे येऊन इतरांना आडोसा देणं हे सभ्यपणाचं लक्षण. पुढे न येता नुसतं मागे बसून राहणाऱ्याची तिथे छी-थू होते. इंग्लंडच्या वेळशर्यतीत, म्हणजे बिडलेक यांच्या पद्धतीच्या शर्यतीत, मात्र मागे बसणंच मुळात निषिद्ध. रस्ता तोच, सायकल तीच, शर्यतीचा इतिहास वेगळा असला की सभ्यपणाची व्याख्या उलटी होते.

आपल्याकडचं पुणं इथे कसोटीला घेता येतं, कारण सायकल तिथे इंग्लंडमधूनच आली, बीएसए, रॅले, हंबर या नावांसकट. दिव्याची सक्तीही तिच्या पाठोपाठ आली. पोलीस आणि नगरपालिका यांनी पुणेकर सायकलवाल्यावर लक्ष ठेवलं ते दिवा, बिल्ला आणि डबलसीट या तीन गोष्टींपुरतं. शर्यतीची धास्ती इथे कुणाला पडली नव्हती. घोडागाड्यांच्या मालकांनी संसदेत ओरडा करावा अशी परिस्थितीच नव्हती, आणि मोटारी तर विरळ. त्यामुळे बिडलेक यांचा लपंडाव इथे आलाच नाही. शर्यत झाली ती उघड: मुंबई–पुणे सायकल शर्यत, बोरघाटाच्या चढणीवर दुतर्फा गर्दी, आणि घाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब. रोजच्या जाण्या-येण्याचं वळणही निराळं पडलं. खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे भोंग्याच्या वेळेला निघालेले कामगार काय किंवा पेठांतून कॉलेजला निघालेली पोरं काय, दोघं-तिघं शेजारी-शेजारी, गप्पा मारत, चढावर थकलेल्याच्या पाठीला हात लावून त्याला रेटत जायची. ईर्ष्या लागली तर ती नाव घेऊन, ‘चल, पुलापर्यंत’ असं आव्हान देऊन. इथला शिष्टाचार वेगाभोवती फिरत नव्हता, तो वयाभोवती आणि मानाभोवती फिरत होता: समोरून गुरुजी किंवा वडीलधारं माणूस आलं की सायकलवरून उतरायचं. गावाकडे हेच उतरणं सवर्णांच्या आळीतून जाताना दलितांवर धाकदपटशाने लादलं गेलं होतं, तेव्हा त्या रीतीला निव्वळ सौजन्य म्हणून मखरात बसवण्याचंही कारण नाही. मुद्दा एवढाच की त्याच देशातून आलेल्या त्याच यंत्रावर, रस्त्याच्या हक्काची भीती नसलेल्या शहरात, मुकी चुरस रुजली नाही. १९७२ मध्ये लूना ही मोपेड आली आणि पुण्याच्या बाबतीत हा प्रश्न हळूहळू निकालातच निघाला.

इंग्रजी रीतीवरचा सर्वांत बोचरा आक्षेप बायकांच्या बाजूने येतो, आणि मला तो बराचसा मान्य आहे. ‘मागे टाकलं गेल्यावर मुकाट राहा’ हा नियम पुरुषांनी पुरुषांसाठी केला. बाईने ओलांडलं की तो धाब्यावर बसे, अजूनही बसतो. तिला पुन्हा ओलांडल्याशिवाय अनेकांना चैन पडत नाही. सप्टेंबर १८९३ मध्ये सोळा वर्षांच्या टेसी रेनॉल्ड्सने ब्रायटन ते लंडन आणि परत हे अंतर ८ तास ३८ मिनिटांत कापलं, तेही झग्याऐवजी तोकडी विजार घालून. सायकलविषयक पत्रांमध्ये तिच्या वेगापेक्षा विजारीवर जास्त शाई खर्च झाली. तरीही या रीतीचं सर्वांत देखणं उदाहरण एका बाईनेच घालून दिलं आहे. बेरिल बर्टन ही यॉर्कशरमधली, मॉर्लीजवळ रेवाचिनीच्या मळ्यावर काम करणारी, सायकलवरच येणारी-जाणारी. १९६७ मध्ये बारा तासांच्या वेळशर्यतीत स्त्रिया पुरुषांच्या मागून सुटल्या होत्या. माइक मॅक्नमारा त्या दिवशी पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम मोडण्याच्या वाटेवर होते, आणि त्यांनी तो मोडलाही, २७६.५२ मैल. पण शेवटच्या टप्प्यात बर्टन त्यांच्या पाठीशी येऊन पोचल्या. नियमाप्रमाणे शेजारी रेंगाळता येत नव्हतं आणि न बोलता जाणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी खिशातून ज्येष्ठमधाची एक रंगीत गोळी काढून पुढे केली, मॅक्नमारांनी ती घेतली, आभार मानले, आणि बर्टन पुढे निघून गेल्या. बारा तासांत २७७.२५ मैल. बाईचा हा आकडा पुढची दोन वर्षं पुरुषांच्या विक्रमाहून मोठा राहिला. बिडलेक यांच्या नियमावलीत गोळीचं कलम नाही, पण ती देता आली हे त्या नियमावलीमुळेच: जिथे ओलांडणं म्हणजे अपमान नाही असं सत्तर वर्षं घोटवलं गेलं होतं, तिथेच असं काही खिजवल्यासारखं न वाटता करता येतं.

ब्रिटनमधली सायकल त्यानंतर जवळजवळ संपली. १९७३ पर्यंत वार्षिक अंतर चार अब्ज किलोमीटरच्याही खाली घसरलं होतं. लंडनमध्ये ती परतली ती या शतकात, २००३ चा गर्दी-कर आणि २००५ चे भुयारी रेल्वेतले बॉम्बस्फोट यांच्यानंतर जोमाने. परतलेले बहुतेक लोक क्लबांतले नव्हते. तरी थोड्याच वर्षांत त्यांच्यातल्या काहींनी कामावर जातानाच्या चुरशीचा थट्टेखोर खेळ बनवला, त्याला गुणांकन दिलं: सायकल कोणत्या जातीची, मडगार्ड आहेत का, पिशव्या किती, कपडे कसे, यांवरून प्रत्येकाला एक आकडा, आपल्यापेक्षा सरस यंत्रवाल्याला मागे टाकलं तर गुण. लाल दिवा तोडला तर बाद. आणि मुख्य म्हणजे, समोरच्याला तो खेळात आहे हे कळता कामा नये. या मंडळींतल्या फार थोड्यांनी बिडलेक यांचं नाव ऐकलं असेल. रीत त्यांच्यापर्यंत रस्त्यावरूनच पोचली. २००९ मध्ये ‘स्ट्राव्हा’ आलं, फोनवर रस्त्याचा तुकडा आणि त्यावरचा प्रत्येकाचा वेळ नोंदणारं. यामुळे आव आणण्याची सोय गेली असं काहीजण म्हणतात. मला तर ते १८९५ कडे परत जाणं वाटतं: प्रत्येकजण एकटा, घड्याळाविरुद्ध, निकाल नंतर.

रीत खरोखर अडखळली आहे ती वीज-सायकलीपाशी. ब्रिटनमध्ये तिची मोटर २५० वॅटपर्यंत आणि ताशी साडेपंधरा मैलांपर्यंतच मदत करू शकते. म्हणजे सपाटीवर तयार पायांचा माणूस तिला मागे टाकतो आणि चढावर तीच पिशव्या लावलेली, घामाचा थेंब न आलेली व्यक्ती त्याला ओलांडून जाते. हे ओलांडणं हिशेबात धरायचं की नाही, तिच्या मागे आडोसा घेतला तर ती लबाडी की हक्काची भरपाई, यावर अजून एकमत नाही. त्याच वेळी मर्यादा मोडून धावणाऱ्या बनावट वीज-सायकलींमुळे सगळ्याच सायकलींना नंबरपाटी आणि परवाना लावा ही मागणी पुन्हा जोर धरते आहे, आणि त्या मागणीला उत्तर देणाऱ्या संघटनांची भाषा १८९४ नंतरच्या युनियनच्या भाषेच्या फार जवळ जाते.